फेर्मिनाताईने अडवलेली वाट

फेर्मिनाताई माझी थोरली नणंद. विणकामावर पोट भरायची आणि वसंत आला की कोल्काच्या दरीत उतरायची. आमच्याकडे वसंत सप्टेंबरात येतो. भाजलेला मका फडक्यात बांधून मला हाक मारायची, "ऊठ गं, पाखरं तुझी वेणी होईपर्यंत थांबायची नाहीत."

दर वळणावर ती थबकायची. कंतुताची लाल फुलं, कपारीतल्या पोपटांची भांडणं, वर तरंगणारी काँडोर गिधाडं. मी पाय दुखतात म्हणून कुरकुरले की म्हणायची, "माझ्या भावाचा संसार ओढताना नाही दुखत?"

त्या वर्षी तिला मला मोठ्या हमिंगबर्डचं घरटं दाखवायचं होतं. जुन्या, माणसाहून उंच निवडुंगाच्या फांदीवर होतं ते. आम्ही पोचलो तर निवडुंग आडवं पडलेलं. पिल्लाला मुंग्या लागलेल्या. घरटं होतं तिथे, रिकाम्या हवेत, पिल्लाची आई पंख फडफडवत थांबलेली.

शेजारी माझा नवरा इलारिओ नवा कठडा ठोकत होता, दरी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना फोटो काढायला.

"हे तू तोडलंस?" ताई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मध्ये येत होतं."

"घरटं दिसलं नाही?"

"दिसलं की. एवढंसं तर होतं." तो हसला. "पाखरासाठी सख्ख्या भावावर ओरडतेस?"

"सख्खा आहेस म्हणून नुसती ओरडतेय!"

तिने त्याचा हातोडा हिसकावला आणि दरीत भिरकावला. मग निवडुंगाचा काटेरी तुकडा उघड्या हातांनी ओढत कठड्याच्या वाटेवर आणला. बोटांतून रक्त आलं. मी दुसरं टोक धरलं.

"तूसुद्धा?" इलारिओ माझ्यावर खेकसला.

"हो, मीसुद्धा! आणि आज चूल तुम्हीच पेटवा."

दुसऱ्या दिवशी त्याने काटे उचलले. आम्ही गावातल्या बायका घेऊन गेलो आणि दुप्पट टाकले. पाहुण्यांची गाडी आली तशी परत गेली. शेवटी गावसभेने कठडा वरच्या उघड्या खडकावर हलवायला लावला. इलारिओने शिव्या देत तो हलवला.

पुढच्या वसंतात हमिंगबर्ड तिथे फिरकला नाही. सणाला इलारिओने चिचाचा, मक्याच्या दारूचा, पेला पुढे केला, म्हणाला, "ताई, झालं ते झालं. सोड ना आता."

ताईने पेला त्याच्यासमोर मातीत ओतला. "झालं नाही," ती म्हणाली, "तू केलंस."