सारिकेचा पसंतीक्रम आणि मास्तरांचा राग

मयताचे नाव त्रिंबक मास्तर, निवृत्त गणित शिक्षक, मूळ राहणार तलवाडा, तालुका गेवराई, हल्ली मुक्काम बीड. मृत्यू सहा आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी सकाळी, दाढी करताना, हृदयक्रिया बंद पडून. साक्षीदार मास्तरांच्या पत्नी कमलबाई, आणि बातमी घेऊन माझ्या टेबलापर्यंत धावत आलेला चहावाला गफूरभाई. तक्रारीचे कारण, शोकसभेत एका माजी मुख्याध्यापकांनी माईकवरून काढलेले उद्गार, की "एका पोरीच्या आगाऊपणानं मास्तरांचं काळीज तुटलं." पोरीचे नाव सारिका. ती त्या वेळी मागच्या रांगेत उभी होती आणि सगळी सभा मान वळवून तिच्याकडे पाहत होती. निवेदन करणारा मी, कचेरीसमोर एकवीस वर्षे अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत, तथापि माझ्या मसुद्यात दुरुस्ती करण्याची पाळी भल्याभल्या वकिलांवर आलेली नाही, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

"मुन्शीजी, कलम ठेवा खाली. मास्तर गेले," गफूरभाई म्हणाला. मी एक वारसनोंदीचा अर्ज लिहीत होतो. हातातले वाक्य पूर्ण केले आणि मगच उठलो. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते...

निवृत्तीनंतर मास्तर रोज अकराच्या सुमारास माझ्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसत. दाखले काढायला आलेले आईबाप त्यांना एकच प्रश्न विचारत, आमच्या लेकराला पुण्याचे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज मिळेल का? मास्तर गुण आधी विचारत नसत. "गुण मग सांग. आधी दाखले दाव," म्हणत. जात पडताळणी झाली का, उत्पन्नाचा दाखला कोणत्या सालापर्यंत चालतो, हे सगळे पाहून झाल्यावर ते आपली वही उघडत. कोणत्या वर्षी, कोणत्या फेरीत, कोणत्या प्रवर्गातला शेवटचा विद्यार्थी किती गुणांवर आत गेला, हे त्यात त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेले असे. मग दोन मिनिटे डोळे मिटत आणि तीनपैकी एकच उत्तर देत: येतंय, येत न्हाई, लटकतंय. एकदा पांढऱ्या कपड्यांतले एक बागायतदार म्हणाले, "मास्तर, वरून एक फोन लावला तर?" मास्तर म्हणाले, "लावा की. पर संगणक फोन उचलत न्हाई." दुसऱ्या एकाने क्लासच्या सरांनी खात्री दिल्याचे सांगितले. "मग त्यांच्याकडंच जा बाबा. माझ्याकडं खात्री न्हाई, अंदाज हाय." तो अंदाज चुकलेला मी पाहिला नाही. गल्लोगल्ली फलक लावून पोरांना स्वप्ने दाखवणारे, आणि निकालाच्या दिवशी फोन बंद ठेवणारे क्लासवाले त्या सभेत पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्याकडे मात्र कोणी मान वळवली नाही.

सारिका तलवाड्याचीच. आईबाप ऊसतोडीला जात, ती वसतिगृहात राहून शिकली. तिचे कागद पाहून मास्तरांनी डोळे मिटलेसुद्धा नाहीत. "येतंय. पैल्या फेरीत न्हाई, दुसऱ्यात. पुणं एक नंबरला टाक आन हलू नको." एवढे सांगून ते बहिणीच्या घराच्या वास्तुशांतीसाठी धर्मापुरीला गेले. कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म कायम करण्याच्या शेवटच्या दिवशी सारिका वडिलांना घेऊन आली, तेव्हा स्टूल रिकामे होते. वडील म्हणाले, "मुन्शी, पुणं न्हाई भेटलं तर ही घरी बसंल. आन घरी बसली की भावकी लगीन लावल्याबगर ऱ्हात न्हाई."

आता मी काय केले ते लिहितो. अर्जाची एक रीत आहे आणि ती मी या हाताने हजारो वेळा पाळली आहे. सहज मंजूर होईल अशी किरकोळ मागणी वर लिहावी, म्हणजे साहेबाचा हात होकाराला लागतो. मोठी मागणी तिच्या आडोशाने खाली ठेवावी. मी सारिकेला म्हणालो, बीडजवळचे खासगी कॉलेज एकवर घे, पुणे दोनवर.

"पर मास्तर म्हनले व्हते पुणं वर टाक."

"मास्तर गणिताचे. अर्ज हा माझा प्रांत आहे."

"फोन लावू का त्यांना, काका?"

"चार दिवस माणसाला सुखानं जेवू दे."

समोरच्या नेटकॅफेत, माझ्या देखत, तिने क्रम बदलला.

संगणकाला साहेबासारखा हात नसतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. आणि मी कोणाला विचारले नव्हते. पहिल्या फेरीत एक नंबरचे, म्हणजे बीडजवळचे, कॉलेज मिळाले. एक नंबरला लिहिलेले मिळाले की ती जागा कायम, पुढच्या फेऱ्या बंद, असा नियम आहे. दुसऱ्या फेरीत तिच्याच प्रवर्गातली, तिच्याहून कमी गुणांची मुलगी पुण्याला गेली. मास्तरांचे शब्द न् शब्द खरे ठरले.

त्या दिवशी सारिका एकटीच आली. मास्तरांनी फॉर्म पाहिला. "कुणी लावला ह्यो क्रम?" सारिकेने एकदा, एकदाच, माझ्याकडे पाहिले. "मीच लावला, गुरुजी."

"कावून?"

तिने फॉर्म परत घ्यायला हात पुढे केला.

"कावून, म्हनतो मी! लई शानी झालीस? माझ्या सांगण्याला काडीची किंमत न्हाई? पुन्हा तोंड दावू नको मला."

मी मास्तरांपासून हातभर अंतरावर बसलो होतो. मी टेबलावरचे कागद सारखे केले.

पुढे मी तिला एकदा गाठले आणि खोटे का बोललीस म्हणून उलट मीच दरडावले. ती म्हणाली, "तुमी दोघं रोज शेजारी बसता, काका. मला कुठं बसायचंय तिथं?" एवढ्याशा पोरीने मला जपले, आणि मी ते जपणे पाच महिने वापरले. प्रवेशाच्या पेढ्यांचा पुडा घेऊन ती एकदा मास्तरांच्या पाया पडायला आली, तर त्यांनी स्टूल फिरवून पाठ केली. पुडा मी घेतला... पेढा खाल्लाही.

माझा राग त्या नियमावर आहे, माईकवरच्या त्या तोंडावर आहे, आणि मास्तर, तुमच्यावरही आहे. आयुष्यभर पोरांच्या वह्यांतल्या चुका पकडल्यात. शेजारी बसलेल्याची मान एवढी खाली का, हे एकदा विचारायचे होतेत. पण हे लिहितानाही मी ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर सरकवतो आहे, हे मला दिसते आहे. अजून आईबाप येतात आणि विचारतात, मुन्शी, तुमी तर त्यांच्या शेजारीच व्हता, सांगा की, येतंय का? मी म्हणतो, मला त्यातले कळत नाही. एकवीस वर्षांत हे वाक्य मी आधी कधी उच्चारले नव्हते.

सबब विनंती अशी की, माजी मुख्याध्यापकांनी आपले शब्द तेवढ्याच लोकांपुढे, तशाच माईकवरून मागे घ्यावेत. सारिकेच्या नावे लागलेला दोष कमी करून माझ्या नावे लावावा, माझी हरकत नाही. सारिकेने या लेखाला उत्तर द्यावे. शिवी दिली तरी ती रीतसर पोहोचल्याची पावती मी देईन. मास्तरांच्या उत्तराची मुदत मात्र संपली आहे, आणि ती मी गप्प बसून संपवली.