इनोबात आपांचा आंबट दस्तरखान

मुलीचं लग्न ठरलं की बाप आधी इमामाकडे जातो की इनोबात आपांकडे, यावर आमच्या कोकंदच्या मोहल्ल्यात दोन मतं आहेत. आपांचं स्वतःचं मत मात्र पक्कं आहे. इमाम काय, कुणीही चालतो. दस्तरखान, म्हणजे पाहुण्यांच्या जेवणाचं कापड, मांडणारी बाई चुकली तर पोरीला जन्मभर सासरचे टोमणे. बायकांच्या पंगतीत कुठली विहीण कुठे बसेल, नान कसे रचायचे, पुलावात मीठ बरोबर आहे की नाही, हे सगळं त्या ठरवणार. मोठ्या कढईतला एक घास जिभेवर ठेवून त्या डोळे मिटायच्या, आणि मिशांना पीळ देणारा आचारी परीक्षेच्या निकालासारखा त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचा.

अशा बाईला फर्गानाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, की छातीतली गाठ तर काढली, आता दर तीन आठवड्यांनी, असं सहा वेळा यायचं. खुर्चीत बसून शिरेतून केमो घ्यायची, चार-पाच तास लागतील. अर्ध्यावर सोडलंत तर केलेलं सगळं पाण्यात.

आपांनी मान डोलवून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खोलीत आणखी किती जणी असतात?"

"पाच-सहा."

"आणि त्यांच्या जेवणाचं कोण बघतं?"

डॉक्टरांना वाटलं, बाई घाबरल्यात म्हणून काहीतरी बोलतायत. आपा घाबरल्या होत्याच. पण घाबरल्या की त्या कांदा चिरायला घ्यायच्या, ही त्यांची लहानपणापासूनची सवय होती.

पहिल्या खेपेच्या दिवशी पहाटेच घरचा तंदूर पेटला. सून दिलराबो जांभया देत पीठ मळत होती.

"आयाजान, आपण इलाजाला चाललोय. लग्नाला नाही."

"पाच बायका पाच तास बसणार आणि मी हात हलवत जाऊ? उद्या माझं नाव काय राहील गं?"

दवाखान्यासाठी म्हणून त्यांनी सैल बाहीचा झगा, लोकरीचे मोजे आणि पाठीला एक पातळ गादी घेतली होती. बाकी मुलाची डमास गाडी भरली ती मांस भरून भाजलेल्या सामशांनी, हलव्याने आणि रजईत गुंडाळलेल्या पुलावाच्या पातेल्याने.

सुई लागली, औषध थेंब थेंब सुरू झालं, आणि आपांनी मोकळ्या हाताने दिलराबोला खूण केली. पातेल्याचं झाकण निघालं. मेंढीच्या शेपटाची चरबी, जिरं, कांदा, असा तो वास, की रस्त्याने जाणारा परका माणूससुद्धा आत डोकावला असता. खोलीतल्या बायकांचं मात्र भलतंच झालं. एकीने रुमालात तोंड खुपसलं. दुसरी औषधाचा स्टँड ओढत संडासाकडे धावली. खिडकीजवळच्या जाड म्हातारीने तर बसल्या जागी पातेलीभर ओकून टाकलं.

नर्स वेनेरा कंबरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. "कुणाचं लग्न आहे इथे?"

सगळं अन्न फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे आणि बाहेर ताटकळणाऱ्या टॅक्सीवाल्यांकडे गेलं. त्यांनी बोटं चाटून दुवा दिल्या. आपांना त्या दुवा ऐकूही आल्या नाहीत. आपल्या दस्तरखानावर पाहुणा ओकला, हे त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडलं होतं. उरलेले तास त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या.

दुसऱ्या खेपेनंतर त्यांच्या स्वतःच्या तोंडाची चव गेली. शोरबा घ्या, नान घ्या, खरबूज घ्या, सगळं चाव्यांचा जुडगा चोखल्यासारखं. आपा चुलीपुढे बसून हमसून हमसून रडल्या.

"मी आता जायची नाही. केस गेले, जाऊ देत. जीभ गेली तर इनोबात म्हणून काय उरलं माझ्यात? शरदात लग्नं आहेत. मीठ कोण चाखणार, तू?"

"डॉक्टर म्हणाले, औषध संपलं की चव येईल परत."

"डॉक्टरला काय जातंय म्हणायला!"

मुलगा समजावून थकला. मोहल्ल्यातले वडीलधारे दाढी कुरवाळत येऊन, भरपूर चहा पिऊन आणि चार उपदेश करून गेले. आपा ढिम्म हलल्या नाहीत. दिलराबो रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडायची, कारण सासूबाईंचा हट्ट तिला नव्याने माहीत व्हायचा नव्हता.

मग एके दुपारी फोन आला. पलीकडे ती खिडकीजवळची जाड म्हातारी होती, रिश्तानच्या कुंभाराची बायको हुरसनोय. वेनेराकडून नंबर मिळवला होता.

"येताय ना गुरुवारी?"

"नाही हो, हुरसनोय आपा. मी सोडलं."

"वा! म्हणजे पहिल्याच दिवशी माझ्या पोटातलं सगळं बाहेर काढून तुम्ही मोकळ्या? आता निदान पोटात टिकेल असं काहीतरी आणून द्या आणि मग खुशाल सोडा. मला दोन दिवस झाले, पाणीसुद्धा जात नाही. कुणीतरी सांगितलं होतं, बाई दस्तरखानात उस्ताद आहेत म्हणून. उगाच बोलतात लोक."

आणि फोन ठेवून दिला. आपा रिसीव्हरकडे बघतच राहिल्या. नाकाला मिरची झोंबावी तसं झालं होतं त्यांना.

"दिलराबो! जर्दाळू काढ. आंबट, गोड नकोत."

त्या दिवसापासून घरात वेगळाच स्वयंपाक सुरू झाला. आधी वेनेराला फोन करून विचारून घेतलं. ती म्हणाली, उकळलेलं, झाकलेलं, गार आणि बिनवासाचं असेल तरच दारातून आत येईल. आंबट जर्दाळू उकळून गार केले. चेरी उकळून, रसासकट बर्फात गोठवली. दह्याच्या खारट वाळल्या गोळ्या, आमच्याकडचे कुर्त, सुपारीएवढे फोडले. आपांची जीभ कामाची नव्हती, म्हणून त्या दिलराबोला चाखायला लावायच्या आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या.

"कसं आहे?"

"आंबट."

"ते मलाही ठाऊक आहे. किती आंबट?"

"आयाजान, माझा एक डोळा मिटला."

"दोन्ही मिटायला हवेत. आणखी ठेव."

गुरुवारी आपा गेल्या. फक्त द्यायला चालले आहे, असं दहादा बजावून गेल्या, आणि वेनेराने त्यांना खुर्चीत बसवून हातात सुई घातली. समोरच्या फळीवर पांढरं कापड अंथरलं गेलं, त्यावर छोट्या वाट्या. हुरसनोयने चेरीच्या बर्फाचा एक खडा तोंडात धरला. खोलीतल्या सगळ्या जणी तिच्याकडे बघत होत्या. तिने दुसरा उचलला, मग जर्दाळू, मग पुन्हा चेरी.

"पोटात राहिलं का?" आपांनी विचारलं.

"गप्प बसा. खाऊ द्या मला."

आपांना इतका आनंद झाला, की त्यांच्याच डोळ्यांतून पाणी आलं.

त्यानंतर त्या खोलीचा ताबा आपांकडेच गेला. नवी बाई आली की तिची खुर्ची मधोमध, लांबून आलेली खिडकीशी. औषधाची पहिली बाटली संपेपर्यंत आजाराचं नाव काढायचं नाही, सुनांच्या कागाळ्या चालतील. एका हातात सुई असल्यामुळे आपांना उठता यायचं नाही. दुसऱ्या हाताने त्या बोटं नाचवत हुकूम सोडायच्या आणि ज्यांना जमेल त्या वाट्या फिरवायच्या. हुरसनोयच्या नातवासाठी मार्गिलानच्या एका बाईची भाची तिथेच सुचवली गेली. एकदा एक नवी मुलगी केसांसाठी रडायला लागली, तर हुरसनोय म्हणाली, "अगं, माझे केस चाळीस वर्षं रुमालाखाली होते. नवऱ्याला अजून पत्ता नाही ते गेले म्हणून!" ती मुलगी रडता रडता हसायला लागली, आणि बाटलीकडे बोट दाखवून म्हणाली, "हा पाहुणा काही लवकर उठत नाही बाई."

पाचव्या खेपेला आपांचं रक्त कमी भरलं आणि त्यांना परत पाठवलं. आठवड्याने पुन्हा बोलावलं होतं. त्या अंथरुणाला खिळल्या. पाय सुजले, तोंडात फोड आले. "बास झालं," म्हणाल्या, "चार घेतल्या ना?"

"हत्ती गेला, शेपूट राहिलं, आयाजान," दिलराबो म्हणाली. "आणि तुमच्या पाहुण्या वाट बघत असतील. वाट्या मी एकटीने नेल्या तर चुकीच्या जागी ठेवेन."

हे मात्र खरं होतं. आपा कण्हत उठल्या.

शेवटच्या खेपेला त्या पोचल्या, तेव्हा खोलीत हुरसनोय बसलेली. तिची औषधं आधीच संपली होती, तिचं तिथे काहीच काम नव्हतं. रिश्तानहून बसने आली होती ती, मांडीवर नवऱ्याने घडवलेली निळी चहादाणी आणि दोन पेले घेऊन. आपांची बाटली रिकामी होऊन सुई निघेपर्यंत ती थांबली. मग तिने आपांच्या हातात पेला दिला आणि ओतायला लागली. थांबेचना, ओततच राहिली. चहा काठाला टेकला.

आमच्याकडे पाहुण्याच्या पेल्यात चहा तळाशी घालतात, दोन घोटांचा. तो संपवायचा, यजमानाने पुन्हा घालायचा, म्हणजे बसा, आणखी बसा. काठोकाठ भरलेला पेला दिला की समजायचं, प्या आणि चालू लागा. असा पेला भरणाऱ्या किती सुनांच्या हातावर आपांनी चापट्या मारल्या होत्या.

"हुरसनोय आपा, हात कापतोय का तुमचा? काय करताय हे?"

"हात चांगला आहे माझा. प्या. आणि पुन्हा या खोलीत तोंड दाखवायचं नाही."

सगळ्या जणी त्यांच्याकडे बघत होत्या. दारात वेनेरा उभी होती. आपांनी दोन्ही हातांनी पेला धरला. चहाला अजून लोखंडाचीच चव होती. त्यांनी थेंबभरही ठेवला नाही. मग चहादाणी स्वतःकडे ओढली आणि हुरसनोयचा पेला काठोकाठ भरला.