आंघोळीआधी जीपला पाणी

आज सकाळी शेजारी कुणीतरी बंब पेटवला. त्या धुराच्या वासाने मी थेट दिंडोरीजवळच्या आमच्या मळ्यात पोचले.

थंडी अशी, की द्राक्षांच्या पानांवर दव गोठलेलं. बाबांची जुनी डिझेल जीप अशा सकाळी सुरूच व्हायची नाही. म्हणून बंबातलं पहिलं कढत पाणी इंजिनावर, आंघोळी मागून, हा घरचा नियम. अशाच एका सकाळी बाबांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि द्राक्षांचे क्रेट नाशिकला वेळेत पोचायला हवे होते. मी एकोणीस वर्षांची. तोवर जीप फक्त मळ्यात चालवली होती. पाणी ओतलं, किल्ली फिरवली. तिसऱ्या खेपेला जीप खोकली आणि धडधडू लागली. बाबा शेजारच्या सीटवर बसले आणि आम्ही निघालो.

मार्केटात बाबांच्या ओळखीचे एक काका म्हणाले, "पोरीच्या हातात गाडी दिली का?"

"दिली नाय," बाबा म्हणाले. "मला आणायला जमलं नसतं, तिनं आणली."

आता माझी गाडी बटणावर सुरू होते. त्यात कसलं कौतुक?

तेव्हा महिन्याभराने बाबांचं प्लास्टर निघालं. दुसऱ्या सकाळी मी इंजिनावर पाणी ओतून किल्ली बाबांपुढे धरली. ते डावीकडच्या दाराने आत जाऊन शेजारच्या सीटवर बसले.