ह्यांचा डावा हात

सुरीने टोमॅटो कापला जाईना, म्हणून आज माळ्यावरून धार लावायचा दगड काढला. पाण्यात बुडवल्यावर त्याला ओल्या पाटीसारखा वास आला, आणि मी थेट नाशिक रोडच्या आमच्या जुन्या घरात, ह्यांच्या पलंगाशी जाऊन बसले.

ह्यांची डावी बाजू लुळी पडली होती. दाढी मात्र स्वतःच्या वस्तऱ्यानेच हवी, आणि धार लावायला घरात मीच. त्याआधी मी वस्तरा कधी हातातही धरला नव्हता.

"अगं, वस्तऱ्याची पाठ उचलू नकोस. पातं दगडाला टेकवूनच ठेव. सावकाश."

मी घाबरून पाठ उचललीच. होती ती धारही गेली. पुन्हा पहिल्यापासून घासत बसले. तासाभराने विचारलं, "अहो, आता लागली असेल का हो?"

त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "ह्याच्यावरचे केस निघतात का बघ. कापलं तरी मला कळायचं नाही. तेवढं तरी काम करू दे त्याला."

कापलंच. रक्ताचा बारीक थेंब आला. हे हसले, मी रडले. मला वाटलं, धीर द्यायला बोलतायत. आता इथे एकटीने दिवस ढकलताना कळतं, नुसतं पडून राहणं त्या हाताला किती जड जात असेल.

आज सुरीला पहिल्याच बैठकीत धार लागली. सवयीने मांडीवरचा पदर सारखा करून त्या हाताला जागा केली. मग टोमॅटोवरच धार पाहिली. अर्धाच कापला. एकटीला तेवढा पुरतो.