पुठ्ठ्याची गिटार

आमच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या डाव्या बाजूला एक लहान अंगाची गिटार स्टँडवर उभी आहे. दर रविवारी मी तिच्यावरची धूळ पुसतो. दिल्लीच्या द्वारकेत धुळीला तोटा नाही, त्यामुळे हे काम कायमचं आहे. पाहुणे विचारतात, "कोण वाजवतं?" बायको म्हणते, "कोणी नाही. हा पुसतो." पाहुणे हसतात, मग मीही हसतो.

ही गिटार मी निवडली. चांगले चार महिने डोकं लावून निवडली. आयुष्यात एवढ्या काळजीने मी दुसरं काहीही निवडलेलं नाही, आणि एवढा तोंडावरही कधी आपटलेलो नाही.

मी दिल्लीजवळ मानेसरला, मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात खरेदी खात्यात आहे. सव्वीस वर्षं झाली. आमच्याकडे साधा नटबोल्टसुद्धा तीन कोटेशनं आल्याशिवाय आत येत नाही. मग तुलनेचा तक्ता होतो, मग नमुना मागवला जातो, मग नमुन्यातली खोट काढायची आणि तो परत पाठवायचा. पहिला नमुना पास करणाऱ्या माणसाला आमच्यात कच्चा समजतात. पुरवठादार मला वचकून असतात याचा मला अभिमान होता. थोडा अजूनही आहे, खोटं कशाला बोलू.

बायको पुण्यात कॉलेजात गिटार वाजवायची. तालमीच्या खोलीबाहेर जिन्यात उभा राहून मी ऐकत असे. आत जायची हिंमत नव्हती. ती एक संथ धून वाजवायची. तिच्यात एका जागी डाव्या हाताची बोटं बदलताना तिला नेहमी किंचित उशीर व्हायचा. सूर क्षणभर अडायचा आणि मग यायचा. त्या वयात मला तो उशीर फार आवडायचा. रात्री झोपताना मी ती धून मनात वाजवायचो आणि त्या उशिराची वाट बघायचो.

लग्न झालं, दिल्लीला आलो, तिची मोठी गिटारही आली. मी कामावरून यायचो ते कानाला फोन लावूनच. "जरा थांबतेस का?" असं म्हणायचो. ती थांबायची. फोन नसेल त्या दिवशी सोफ्यावर बसून ऐकायचो आणि धून संपली की सांगायचो, "छान. फक्त ते तिथे अजून अडकतंय बघ." मला वाटायचं, मी लक्ष देऊन ऐकतो हे तिला कळावं. तिने वाजवणं नेमकं कधी सोडलं ते मला सांगता येणार नाही. सोडलंय हे लक्षात आलं तेव्हा गिटार माळ्यावर जाऊन काही वर्षं झाली होती. दिल्लीच्या उन्हाळ्यांनी तिची मान वाकली होती आणि तारा लाकडापासून बोटभर वर आल्या होत्या. एका दिवाळीच्या साफसफाईत ती गेली. मीच खाली नेऊन ठेवली.

दोन वर्षांपूर्वी मेट्रोच्या जिन्यावर बायकोचा पाय घसरला आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. आत धातूची पट्टी घातली. हाड जुळलं, पण हात बाजूला फारसा उचलेना. फिजिओथेरपीवाली म्हणाली, नुसते व्यायाम कंटाळवाणे होतात, हाताला आवडेल असं काहीतरी करायला द्या. त्या रविवारी चहा पिताना बायको म्हणाली, "एखादी लहान गिटार बघूया का? मोठी आता कवेत येणार नाही."

वीस वर्षांत तिने माझ्याकडे स्वतःसाठी मागितलेली ही पहिली वस्तू असावी. मला एकदम भरून आलं. या घरात ती परत वाजवेल, मी कामावरून येईन आणि दार उघडायच्या आधीच मला ऐकू येईल, असं सगळं डोळ्यांपुढे आलं. मला ते हवं होतं. फार हवं होतं. आणि मी काय म्हणालो? "मी बघतो." पुरवठादाराला वाटेला लावताना म्हणतो, तसं.

मग मी बघायला लागलो. तक्ता केला. अंगाची रुंदी, खोली, मानेची लांबी, वजन, तारा स्टीलच्या की नायलॉनच्या. बघता बघता आणखी एक वाद्य समोर आलं, सहा तारांचं बॅरिटोन युकुलेले. युकुलेलेला एरवी चारच तारा, हे त्याच जातीतलं जरा मोठं आणि सहा तारांचं. गिटारसारखं सुरात लावलं की गिटारची बोटं तशीच चालतात, तारा मऊ, अंग चिमुकलं. तक्त्यात आणखी तीन रकाने वाढले. बायको म्हणाली, "एकदा दुकानात जाऊन हातात धरून बघते ना." मी म्हटलं, "आधी माप तर ठरू दे."

माप ठरवायला मी कारखान्यातून खोक्यांचे जाड पुठ्ठे आणले. त्यातून तीन आकार कापले: मोठी गिटार, लहान अंगाची गिटार आणि युकुलेले. खोलीसाठी पुठ्ठ्यावर पुठ्ठा चिकटवला. काम सुबक झालं होतं. बायकोला बिनहाताच्या खुर्चीवर बसवलं, एकेक आकार मांडीवर दिला आणि कोपर किती वर जातं ते टेपने मोजलं.

पहिल्या रविवारी ती खूप हसली. पुठ्ठ्यावर बोटं फिरवून तोंडाने टणटण आवाजही काढले. दुसऱ्या रविवारी मी खोली अर्ध्या इंचाने कमी करून आणली तेव्हा थोडी हसली. तिसऱ्या रविवारी ती आकार मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसली आणि म्हणाली, "झालं?" मी म्हटलं, "हलू नकोस, माप चुकतं."

शेवटी एका शनिवारी आम्ही दरियागंजला वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार सरदारजी होते, वयस्कर, मऊ बोलणारे. ते विचारत तिला होते आणि उत्तरं मी देत होतो. कंधे में प्लेट है, हाथ इतना ही उठता है, बॉडी इतने इंच से ज़्यादा नहीं चाहिए. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मागच्या फळीवरून सहा तारांचं युकुलेले काढून तिच्या हातात दिलं.

तिने ते मांडीवर घेतलं. कोपर अंगालगतच राहिलं, खांदा जागचा हलला नाही. तिने एक सूर छेडला, मग दुसरा, आणि मग बोटं आपोआप त्या जुन्या धुनेकडे वळली. चार-पाचच सूर झाले असतील. तिचा चेहरा असा झाला होता की दुकानदार दुसरीकडे बघायला लागले. मी मात्र मानेच्या कडेवर अंगठ्याचं नख फिरवत होतो.

"किनारे देखिए," मी म्हटलं, "ये पट्टियाँ चुभ रही हैं. फ़िनिशिंग ठीक नहीं है."

ते म्हणाले, "सर, मैडम को चुभ रही हैं क्या?"

बायकोने वाद्य हळूच काउंटरवर ठेवलं. "राहू दे," ती म्हणाली. मंडी हाऊसला मेट्रो बदलून द्वारकेपर्यंत मी तिला तक्ता समजावत होतो. स्टीलच्या तारांचा आवाज कसा भरदार, युकुलेले शेवटी खेळण्याच्या जातीचं कसं, गिटार ती गिटारच. ती हूं हूं करत होती. मला वाटलं, पटतंय.

पुढे दोन महिन्यांनी, तिच्या वाढदिवसाला, लहान अंगाची गिटार आली. माझी निवड. कडा लोण्यासारख्या, एकही खोट नाही. ती म्हणाली, "छानच आहे." दोन मिनिटं वाजवली आणि स्टँडवर ठेवली. मग रोज तेच. मी म्हणायचो, "वाजव ना." ती म्हणायची, "आज हात दुखतोय." मला ते खरं वाटलं. मी फिजिओथेरपीवालीला फोन करून फैलावर घेतलं. हाडांच्या डॉक्टरांसमोर बायकोला नेऊन बसवलं आणि विचारलं की आठ महिन्यांनीसुद्धा दुखतंय म्हणजे काय. त्यांनी तिचा हात वर-खाली करून पाहिला आणि म्हणाले, "हाथ तो बढ़िया चल रहा है." मी डॉक्टर बदलला.

फेब्रुवारीत माझी दाढ काढली. मंगळवार होता. अर्धी सुट्टी घेतली होती. सेक्टरातल्याच डेंटिस्टकडून तीनच्या सुमारास घरी आलो, गालात कापसाचा बोळा. बायको घरी नव्हती. मी बाथरूममध्ये चूळ भरायला गेलो, तर डक्टच्या खिडकीतून वाद्याचा आवाज आला. खालून येत होता. नायलॉनच्या तारा. मला आधी काही वाटलं नाही, सोसायटीत शंभर पोरं काय काय शिकत असतात. मग ती संथ धून सुरू झाली. ती जागा आली, सूर क्षणभर अडला आणि मग आला.

मी तसाच खाली गेलो. खालच्या मजल्यावर एक मल्याळी बाई राहतात, निवृत्त शिक्षिका, एकट्या. दारापाशी बायकोच्या चपला होत्या. आतून दोघींचं हसणं ऐकू आलं. ती चुकली होती आणि हसत होती. मी बेल वाजवली नाही. तोंडात कापूस होता म्हणून, नाहीतर वाजवली असती.

लेकीला बंगळुरूला फोन केला. कापसातून काहीतरी बडबडलो.

"बाबा, मला माहितीये," ती म्हणाली. "आई नं, त्या शॉपमध्ये नेक्स्ट वीकमध्येच परत गेली होती. अकेली. दस मिनट में घेऊन आली, यार. आंटीकडेच ठेवते. मंगळवार-गुरुवार."

"मला सांगितलं का नाही?"

"तू चेक केलं असतंस," ती म्हणाली.

म्हणजे माझी गिटार घरात आली त्याच्या आधीपासून ते वाद्य खालच्या घरात होतं. मी आणखी दोन महिने तक्ते करत होतो तेव्हा ती खाली वाजवत होती, आणि वर येऊन माझ्या तक्त्यांना हूं म्हणत होती. मला राग आला. सरळ सांगतो, आधी रागच आला. फसवलं मला, असं वाटलं. एका शेजारणीला ऐकवायचं आणि मला हात दुखतोय म्हणून सांगायचं, हे कोणत्या न्यायात बसतं?

संध्याकाळी कापूस काढला होता. ती माझ्यासाठी भाताची पेज घेऊन आली. मी म्हटलं, "दुपारी घरी होतो. ऐकलं मी."

तिने वाटी ठेवली. घाबरली नाही, चिडलीही नाही. समोर बसली आणि म्हणाली, "मग? कसं वाटलं?"

आता एवढं साधं होतं. सगळं माझ्या हातात होतं. ज्यासाठी मी पुठ्ठे कापले ते इथे माझ्यासमोर बसून विचारत होतं. आणि मला खरंच आवडलं होतं, बाथरूममध्ये उभं राहून माझे डोळे भरले होते. तेच सांगायचं होतं. मी म्हणालो, "फार छान. फक्त ते तिथे अजून..."

मी थांबलो, पण उशिरा. तिने मान हलवली. अपेक्षित पत्र हातात पडावं तशी.

"म्हणून खाली वाजवते," ती म्हणाली आणि पेज गार होतेय म्हणून आठवण केली.

त्यानंतर या विषयावर आम्ही बोललो नाही. ती मंगळवारी आणि गुरुवारी खाली जाते, आता न लपवता जाते. "जाऊन येते," म्हणते. वर ये वाजवायला, असं म्हणायचा हक्क मला आहे असं मला वाटत नाही. माझी गिटार स्टँडवर उभी आहे. तिच्या तारा मी मागच्या महिन्यात बदलून घेतल्या, गंज दिसत होता.

महिन्यातून एखाद्या मंगळवारी मी अर्धी सुट्टी टाकतो. ऑफिसात दाताचं कारण सांगतो. ती खाली गेली असेल अशा बेताने घरी येतो, बाथरूममध्ये आंघोळीच्या स्टुलावर बसतो आणि नळ घट्ट बंद आहे ना ते बघतो. ती जागा येते, सूर अडतो. मी काही बोलत नाही. ती वर यायच्या आधी मी स्टूल जागेवर ठेवतो, कुलूप लावून खाली उतरतो आणि कंपनीची बस येईपर्यंत बाजारात फिरतो. बसच्या वेळेला बेल वाजवतो. ती दार उघडते आणि विचारते, "कसा गेला दिवस?"

"छान," मी म्हणतो. त्याच्यापुढे काहीही जोडत नाही.