पसाभर वायू, वीतभर सळी

बाजारात बुरुलला सगळे हसत, कारण तिला सगळं थोडंसंच हवं असे. जुन्या स्टोव्हच्या खिडकीतल्या अभ्रकाचा नखाएवढा तुकडा. तांब्याचा पत्रा, तोही बोटाभोवती गुंडाळता येईल एवढाच. वेल्डर सुएरकुलकडे ती फुटबॉलचा रबरी फुगा घेऊन गेली, तेव्हा तो हातातलं काम टाकून बाहेर आला.

"बुरुल एजे, आर्गॉन काय दूध आहे, भांडं घेऊन यायला? लोक टाकी नेतात, टाकी!"

"टाकीभर वायू घेऊन मी काय उडून जाऊ? भर गुपचूप."

त्यानं फुगा भरला. जाता जाता तिनं टंगस्टनची वीतभर सळीही मागितली. अख्खी सळी कोण देतो? त्यानं वापरून उरलेला तुकडा खोक्यातून काढून दिला.

बुरुलची उमेदीची वर्षं गावच्या दिव्यांच्या कारखान्यात गेली होती. काचेच्या नळीत तार घालायची, हवा काढायची, वायू भरायचा आणि ज्योतीवर तोंड बंद करायचं, हे तिचे हात झोपेतही करतील. या वेळी मात्र दिवा करायचा नव्हता. किरण मोजायचे होते.

गावाच्या वर युरेनियमच्या खाणीचे जुने ढिगारे आहेत. गवत उगवलंय, मेंढ्या चरतात. एके काळी घर बांधणारा प्रत्येक जण तिथून सपाट, फुकटचे दगड आणायचा. बुरुलच्या मुलीच्या, आयपेरीच्या सासऱ्यांनी, साटार यांनीही आणले होते. त्याच अंगणात बुरुलचा नातू बेकतुर आता भिंत धरून उभा राहू लागला होता. लवकरच त्याचा तुशोओ व्हायचा होता. पायांना दोरा बांधून बाळाला उभं करायचं, गावची पोरं धावत येणार, पहिला पोचेल तो दोरा कापणार आणि मग बाळ आयुष्यभर धावत सुटणार. बुरुलच्या मनात एकच किडा वळवळत होता. धावणार कसल्या दगडांवर?

सुईच्या टोकावर पाण्याचा थेंब घेऊन तिनं अभ्रकाचे पदर सोडवले, कांद्याच्या पातीसारखे. काचेच्या नळीत तांब्याचा पत्रा गुंडाळून मधोमध ती सळी बसवली आणि सगळ्यात पातळ पदर नळीच्या तोंडावर लावला. आत वायूबरोबर स्पिरिटची वाफ सोडली. जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधून वीज चढवणारा भाग काढून जोडला. एक किरण आत शिरला की एक टिचकी. नळी टिकटिकली आणि बुरुल तशीच व्याह्यांच्या घरी गेली.

अंगणात टिकटिक थांबेना. दाराशी, खाटेपाशी, जर्दाळूच्या झाडाखाली, सगळीकडे तव्यावर मका फुटावा तशी.

"पोराला उचल," ती आयपेरीला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता माझ्याकडे चल."

साटार ओट्यावरून उठले. "विहीणबाई, हे घर मी माझ्या हातांनी बांधलंय. त्याला घाणेरडं म्हणता?"

"मी नाही म्हणत. हे म्हणतंय."

"बाटली बोलते आणि तुम्ही ऐकता!"

आयपेरी बाळ घेऊन आली खरी, पण आईशी धड बोलेना. तुशोओ लांबला. बुरुलनं आपल्या खोलीत नळी लावली. तितकीच टिकटिक. मग भावाच्या कुरणावर गेली, जिथे ढिगाऱ्यांचा वाराही लागत नाही. तिथेही तेच. गवतात बसून तिनं नळीतली सळी निरखली. ती तडक सुएरकुलकडे उतरली.

"ती सळी कसली होती रे?"

"लाल टोकाची. एक नंबर! ठिणगी कशी पटकन धरते."

लाल टोक म्हणजे आत थोरियम. सळी स्वतःच किरण टाकणारी. आणि बुरुलला हवा होता तुकडा, म्हणून लाल रंगाची खूण राहिली वेल्डरकडे आणि वीतभर खोटेपणा आला हिच्या नळीत. कारखान्यात असल्याच तारा तिनं वर्षानुवर्षं हाताळल्या होत्या. दुसऱ्या कुणाला माहीत नसतं तर गोष्ट वेगळी.

घरी येऊन तिनं मुलीला सगळं सांगितलं. आयपेरी ऐकून घेऊन उठली, कपाटावरची शाळेच्या दिवसांतली गिटार काढली आणि सगळ्यात बारीक तार पिळून सोडवली.

"ही नुसत्या पोलादाची आहे. पुरेल?"

"वाजवायला लागेल ना गं तुला?"

"हिच्यावर कोण वाजवतंय आता. घे, आई. पण या वेळी आधी कुरणावर जाऊन ये."

नवी नळी कुरणावर अधूनमधून टिचकी मारत होती, एरवी गप्प. दोघी बाळासह साटारांकडे गेल्या. बुरुलनं आधी मान खाली घालून स्वतःची चूक सांगितली. साटार दारातून बाजूला झाले.

अंगण गप्प. खाटेपाशी गप्प. जर्दाळूखाली एक टिचकी, मग शांतता. आयपेरीनं श्वास सोडला. मग बुरुल स्वयंपाकघराच्या पायरीशी वाकली आणि नळी तडतडू लागली. ती मागे सरली, पुन्हा जवळ गेली. पुन्हा तेच.

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. बेकतुर रोज त्याच पायरीला धरून उभा राहत असे.

"ही शेवटी बसवली होती," साटार हळूच म्हणाले. "सगळ्यात सुबक दगड म्हणून." मग त्यांनी दोन्ही तळहात पुढे केले. "यांना लावा ते. यांनीच उचलून आणलेत."

"अहो, हातांत काही राहत नाही इतकी वर्षं."

"तरी लावा."

बुरुलनं नळी त्या भेगाळलेल्या तळव्यांवर धरली. एक टिचकी. बराच वेळ काही नाही.

"पुन्हा."

तिनं पुन्हा धरली. नळी गप्प राहिली, तेव्हा कुठे त्यांनी आयपेरीपुढे हात पसरले, नातवाला घेतलं आणि त्याला छातीशी धरून पायरीपासून दूर, जर्दाळूच्या बाजूला चालू लागले.

"पोरांना हाक मारा," ते मागे न वळता म्हणाले. "आणि दोरा आणा कुणीतरी."