गजावरच्या दोन रेघा

काल नात नखं रंगवत बसली आणि नेलपॉलिशचा झोंबरा वास नाकात शिरताच मला आमची ठासणीची बंदूक आठवली. सणसरच्या आमच्या उसात रानडुकरं फार, म्हणून ह्यांनी परवाना काढला होता. बार ठासायच्या लोखंडी गजावर मी माझ्याच नेलपॉलिशनं दोन लाल रेघा ओढल्या होत्या. नळी रिकामी असली की गज वरच्या रेघेपर्यंत आत जायचा, बार बेतानं भरला असला की खालच्या रेघेवर थांबायचा. "खालची रेघबी भाईर राहिली तर बार जास्त झाला. नळी फुटंल," हे म्हणायचे आणि दरवेळी रेघ बघायला मलाच हाक मारायचे. मग एका संध्याकाळी छातीत कळ येऊन हे अचानक गेले. पुढं बंदूक ठाण्यात जमा करायला मी एकटीच गेले. हवालदारानं विचारलं, "वहिनी, रिकामी हाय न्हवं?" व्हय म्हणत मी सवयीनं गज आत सोडला, तो खालच्या रेघेवर थांबला. अगदी बरोबर. "अवो, ही तर भरल्याली हाय!" म्हणत त्यानं नळीत पाणी ओतून बार काढून टाकला. मी मात्र त्या रेघेकडंच बघत होते. हा बार ह्यांनी मला न बोलावता भरला होता, तरी रेघ चुकली नव्हती. म्हणजे बघायला मी कधी लागतच नव्हते. आता उसात डुकरं शिरली की वाळल्या पानांचं पाचट वाजतं, तेवढं ऐकू येतं. हाक येत नाही.